अतिसूक्ष्माच्या कारखान्यात पाऊल टाकण्यापूर्वी

लखनौच्या चौकातील जुन्या गल्ल्यांतून चांदीचा वर्ख कुटणाऱ्या हातोड्याचा जो संथ, एकसुरी ठोका पूर्वी दिवसभर कानी पडत असे, तो आता पुष्कळच विरळ झाला आहे. तथापि ज्या तरुण अभियंत्याला अथवा लहान कारखानदाराला नॅनो परिमाणावरील वस्तुनिर्मितीच्या व्यवसायात उतरावयाचे आहे, त्याने आपल्या अभ्यासाचा श्रीगणेशा त्या ठोक्यापासून करावा, असे येथील छावणीत अनेक वर्षे काढल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे. चामड्याच्या पानांमध्ये चांदी ठेवून कुटण्याची ती रीत खाद्यवर्खापुरती २०१६ च्या नियमांनी निषिद्ध ठरवली, कारण त्या निर्मितीत प्राणिज पदार्थाच्या वापरास त्यांनी मनाई केली. परंतु त्याच नियमांत एक आकडा असा आहे की जो आपल्या फार उपयोगाचा आहे. वर्खाची चांदी हजारात किमान ९९९ भाग शुद्ध असावी आणि त्याचे वजन दर चौरस मीटरला २.८ ग्रॅमपर्यंत असावे, असे तेथे म्हटले आहे. चांदीच्या एका घन सेंटिमीटरचे वजन सुमारे साडेदहा ग्रॅम धरून भागाकार केला, तर या कमाल वजनाच्या वर्खाची जाडी २७० नॅनोमीटरच्या आसपास येते. आंतरराष्ट्रीय मानकांच्या व्याख्येप्रमाणे 'नॅनो' हे विशेषण साधारणतः १ ते १०० नॅनोमीटर या मर्यादेतील परिमाणालाच लावता येते. तेव्हा फुंकरीने उडून जाणारा, बोटाला लागताच विरणारा हा वर्खसुद्धा त्या नावाला पात्र ठरत नाही. वाचकाने हा भागाकार स्वतः कागदावर करून पाहावा, अशी माझी विनंती आहे. कारण पुढे जे काही सांगावयाचे आहे त्याचे बीज, आधी मोजावे आणि मग नाव द्यावे, या एवढ्याशा शिस्तीत आहे.

ही शिस्त आजच सांगण्याचे निमित्त उघड आहे. उत्तर प्रदेशाच्या संरक्षण औद्योगिक पट्ट्याची जी सहा केंद्रे ठरली त्यांत लखनौ एक आहे. विमानांची जोडसाधने बनवणारा हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विभाग येथे १९७० पासून आहे. आणि ११ मे २०२५ रोजी ब्रह्मोस क्षेपणास्त्राच्या जुळणीचा व चाचणीचा कारखानाही येथे सुरू झाला. अशा मोठ्या कारखान्यांच्या भोवती लहान वर्कशॉपे उभी राहतात, आणि लेथवर आयुष्य घालवलेल्या फिटरच्या मुलासमोर एके दिवशी 'नॅनो लेप', 'स्मार्ट मटेरियल', 'स्वयंसंवेदी भाग' असे शब्द असलेली निविदा येऊन पडते. सैन्याच्या नोकरीनिमित्त येथे आलेल्या आणि निवृत्तीनंतर येथेच रमलेल्या मराठी कुटुंबांतील मुले माझ्याकडे असे कागद घेऊन येतात. पुण्या-कोल्हापुराकडील ज्या वाचकांचा अशा कामांशी संबंध येतो, त्यांचीही अडचण याहून वेगळी असेल असे मला वाटत नाही.

नॅनो परिमाणात पदार्थ निराळा का वागतो, हे प्रथम मनाशी स्पष्ट करून घ्यावे. ज्या १८५७ साली येथील रेसिडेन्सीला वेढा पडला, त्याच वर्षाच्या फेब्रुवारी महिन्यात लंडनमध्ये मायकेल फॅरेडे याने सोने आणि प्रकाश यांच्या परस्परसंबंधांवर रॉयल सोसायटीपुढे व्याख्यान दिले, आणि विशेष असे की त्याच्याही प्रयोगांत कुटलेल्या सोन्याच्या वर्खाला मानाचे स्थान होते. सोन्याचा पातळ वर्ख उजेडापुढे धरला तर त्यातून आरपार येणारा प्रकाश हिरवट दिसतो. आणि सोन्याच्या क्षाराच्या द्रावणावर फॉस्फरसची क्रिया करून फॅरेडेने जे द्रव मिळवले, त्यांचा रंग माणकासारखा लाल होता. धातू तोच, पण कणाचे आकारमान बदलताच त्याने पिवळेपण टाकले. त्या द्रवांच्या काही बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवलेल्या आहेत.

या वर्तनाचे एक मोठे कारण केवळ अंकगणिताचे आहे. एक सेंटिमीटर बाजूचा चांदीचा घन घेतला तर त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर भरतो. तोच घन दहा नॅनोमीटर बाजूच्या तुकड्यांत विभागला, तर सगळ्या तुकड्यांच्या पृष्ठभागाची बेरीज ६०० चौरस मीटर होते, म्हणजे साठ मीटर लांब व दहा मीटर रुंद असे कवायतीचे मैदान चिमूटभर चांदीत सामावते. पृष्ठभागावरील अणूंना आतील अणूंप्रमाणे चहूबाजूंनी शेजारी नसतात. ते अधिक चंचल, अधिक क्रियाशील असतात, आणि कण जितका लहान तितके अशा अणूंचे प्रमाण अधिक. त्यामुळे ९६२ अंश सेल्सियसला वितळणारी चांदी नॅनो कणांच्या लेपाच्या रूपात अडीचशे अंशांच्या सुमारासच एकजीव होऊन सांधा धरते, आणि एकदा सांधा धरल्यावर तो पुन्हा त्या उष्णतेला वितळत नाही, कारण आता ती नॅनो चांदी राहिलेली नसून साधी चांदी झालेली असते. विद्युतशक्तीची उपकरणे जोडण्यात हा गुण कामी येतो. पण ज्या चंचलपणामुळे हा गुण येतो, त्याच चंचलपणामुळे हे कण एकमेकांना चिकटून गठ्ठे बांधतात, हवेशी संयोग पावतात, आणि ॲल्युमिनियमसारख्या धातूची भुकटी असेल तर पेटतात. गुण आणि धोका एकाच पृष्ठभागावर नांदतात, ही गोष्ट मालाची ऑर्डर देण्याच्या दिवसापासून ध्यानात असावी.

आता मापनाकडे वळतो, आणि येथे मी थोडा अधिक रेंगाळणार आहे, कारण माझ्या पाहण्यातील बहुतेक फसगती निर्मितीत झालेल्या नसून खरेदीत झालेल्या आहेत. विक्रेत्याच्या पत्रकावर 'कणांचे आकारमान २० नॅनोमीटर' असे छापलेले असते, तुम्ही तोच माल दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवता, आणि तेथून '१८० नॅनोमीटर' असा दाखला येतो. भांडण सुरू करण्यापूर्वी हे समजून घ्यावे की दोघेही खरे बोलत असणे शक्य आहे. एकाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली वाळलेला सुटा कण पाहिला. दुसऱ्याने द्रवात तरंगणाऱ्या कणांवरून विखुरणाऱ्या लेसर प्रकाशाच्या थरथरण्यावरून अनुमान काढले, आणि त्यात कणाभोवतीचे द्रवाचे वेष्टन व कणांचे गठ्ठेही मोजले गेले. शिवाय या दुसऱ्या पद्धतीत एक मोठा पक्षपात आहे: इतक्या लहान कणांवरून विखुरणाऱ्या प्रकाशाची तीव्रता व्यासाच्या सहाव्या घाताने वाढते, म्हणून शंभर नॅनोमीटरचा एकच कण दहा नॅनोमीटरच्या दहा लाख कणांइतका प्रकाश फेकतो आणि त्यांचा आवाज दडपून टाकतो. म्हणून मागणीपत्राच्या मसुद्यात केवळ सरासरीचा आकडा मागू नये. आकारमान कोणत्या पद्धतीने मोजले, कणांचे आकारवार वितरण कसे आहे, दर ग्रॅमला पृष्ठभाग किती, मालाचा घाणा क्रमांक कोणता, आणि कणांवर कोणते रासायनिक वेष्टन चढवले आहे, एवढा तपशील लेखी मागावा; आणि महत्त्वाच्या कामासाठी राष्ट्रीय अधिमान्यता मंडळाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेकडून स्वतंत्र खातरजमा करून घ्यावी. जो विक्रेता या प्रश्नांनी त्रासतो, त्याच्याकडून माल घेऊ नये.

लखनौच्या चारबाग स्थानकाच्या पलीकडे मानकनगर आहे. भारतीय रेल्वेची संशोधन, अभिकल्प व मानके ठरवणारी संस्था १९५७ पासून अस्तित्वात आहे, आणि तिच्या वास्तव्यामुळे त्या वस्तीला हे नाव लाभले. प्रमाणाच्या नावाने एखादी वसाहत ओळखली जावी, ही मला फार अर्थपूर्ण गोष्ट वाटते. त्या संस्थेच्या विनिर्देशांत एखादा वायसर सुद्धा मोजमापाच्या मर्यादा, चाचणीची रीत आणि नमुना घेण्याची पद्धत यांवाचून स्वीकारला जात नाही. तीच सवय नॅनो मालाच्या बाबतीत आपण स्वतःला लावून घ्यावी. विशेषतः नमुना घेण्याची पद्धत. पिशवीच्या तोंडाशी असलेली भुकटी आणि तळाशी असलेली भुकटी एकसारखी नसते, म्हणून दोन-तीन ठिकाणचे नमुने घ्यावेत, आणि श्राव्यातीत कंपनांच्या भांड्यात कण सुटे करताना किती मिनिटे व किती शक्ती लावली हे नोंदवहीत उतरवावे. पंडित भातखंडे यांनी १९२६ मध्ये याच नगरात संगीताचे महाविद्यालय स्थापले, त्याच्या मागे त्यांचे एक मोठे कार्य होते: घराण्यांच्या गळ्यात राहिलेल्या चिजा त्यांनी स्वरलिपीत उतरवल्या, म्हणून गुरूच्या पश्चात त्या कोणालाही पडताळून पाहता आल्या. कारागिराच्या हातातील विद्येलाही अशी लिपी लागते, आणि ती लिपी म्हणजे ही नोंदवही.

निर्मितीच्या दोन वाटा आहेत. एक, मोठ्यातून कोरत लहानाकडे जाण्याची. दुसरी, अणू-रेणूंपासून रचत वर येण्याची. पहिल्या वाटेचे शिखर म्हणजे संगणकाच्या चकत्या, ज्यांच्यासाठी आज १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरतात. त्या वाटेवर स्वतःचे भांडवल घालण्याचा विचार लहान कारखानदाराने करू नये, असे मी स्पष्टच सांगतो. अशा कामाच्या स्वच्छ कक्षाला जी पाचव्या श्रेणीची अट असते, तिच्याप्रमाणे एक घनमीटर हवेत अर्ध्या मायक्रोमीटरचे व त्याहून मोठे कण ३,५२० पेक्षा अधिक असता कामा नयेत. मे महिन्यातील धुळीची लू आणि पौष-माघातील धूरमिश्रित धुके ज्याने येथे अनुभवले आहे, त्याला ती हवा गाळण्याचा खर्च काय येईल हे निराळे सांगावयास नको. सुदैवाने हा खर्च राष्ट्राने आधीच केलेला आहे. मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांच्या नॅनोइलेक्ट्रॉनिकी केंद्रांचे दरवाजे बाहेरच्या संशोधकांना उघडणारी योजना २००८ च्या सुमारास सुरू झाली आणि पुढे आणखी संस्था तिच्यात आल्या. तिच्याद्वारे प्रथम प्रशिक्षण घेता येते आणि मग मंजूर प्रस्तावानुसार प्रत्यक्ष काम करता येते. लखनौकरांना तर कानपूरची तंत्रज्ञान संस्था रस्त्याने दोन-अडीच तासांवर आहे, आणि तेथे लवचिक इलेक्ट्रॉनिकीचे राष्ट्रीय केंद्र आहे. प्रस्ताव एक-दोन पानांचा, पण नेमका लिहावा: काय बनवावयाचे, कोणत्या मापाचे, आणि यश कशावरून ठरवणार.

दुसरी वाट अल्प भांडवलाची आहे. सोन्याच्या क्षाराचे द्रावण उकळून त्यात सायट्रेट घालण्याची टर्केविचची कृती १९५१ पासून प्रचारात आहे, आणि वीस नॅनोमीटरच्या आसपासचे लाल सोने ती साध्या काचपात्रातही देते. नवशिक्याने हात बसवण्यासाठी हिच्यापासूनच आरंभ करावा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी २००४ मध्ये गवती चहाच्या पानांच्या अर्काने सोन्याच्या त्रिकोणी नॅनो चकत्या बनवून दाखवल्या, तेव्हा आपल्या परसातील रोप जगाच्या विज्ञानपत्रिकेत पोहोचल्याचा मला मनापासून आनंद झाला होता. परंतु जो वाचक ही कृती कारखान्यात नेऊ इच्छितो त्याने लक्षात ठेवावे की शोध आणि उत्पादन यांच्या कसोट्या भिन्न आहेत: आषाढातील पान आणि चैत्रातील पान यांचा अर्क एक नसतो, आणि अर्क बदलला की कणाचा आकार बदलतो. असा उद्योग करावयाचा असेल, तर एकाच जातीचे रोप, तोडणीचा ठरलेला काळ आणि दर घाण्याच्या अर्काची रासायनिक तपासणी, इतकी तजवीज आधी करावी. लखनौची औषधी व सुगंधी वनस्पतींची केंद्रीय संस्था गवती चहाच्या जातींवर काम करते. तिच्या सल्ल्याचा लाभ घेण्यास संकोच करू नये.

ज्यांना व्यवहारात 'स्मार्ट मटेरियल' म्हणतात, त्या प्रतिसादी पदार्थांविषयी आता थोडे. उष्णता, दाब, विद्युत किंवा चुंबक यांच्या स्पर्शाने जे आपला आकार अथवा गुण ठरलेल्या रीतीने बदलतात, ते हे पदार्थ. स्वयंपाकघरातील गॅसचा लायटर हे त्यांचे सर्वांत परिचित उदाहरण होय. त्यातील स्फटिकावर लहानसा घण आदळताच हजारो व्होल्टची ठिणगी पडते, आणि क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये शोधलेला तोच दाबविद्युताचा गुण रुग्णालयातील सोनोग्राफी यंत्राच्या शोधकातही काम करतो. या कामी प्रचलित असलेल्या चिनीमातीसारख्या पदार्थात वजनाने साठ टक्क्यांहून अधिक शिसे असते, म्हणून त्याची चकती कानशीने घासून बसवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. आणि तिला तार जोडताना डाग झटकन द्यावा, कारण फार तापली की तिच्यातील विद्युतध्रुवांची मांडणी विस्कटते आणि चकती दिसावयास जशीच्या तशी राहून निकामी होते.

आकार स्मरणात ठेवणाऱ्या निकेल-टायटेनियमच्या मिश्रधातूने मला जो धडा दिला, तो सविस्तर सांगण्याजोगा आहे. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत १९५९ नंतरच्या काही वर्षांत या मिश्रधातूचे वैशिष्ट्य उमगले आणि दोन्ही धातूंच्या चिन्हांना त्या प्रयोगशाळेची आद्याक्षरे जोडून त्याला 'निटिनॉल' हे नाव पडले. थंड असता वाकवावा, तापवताच पूर्वरूप धारण करतो. पत्र्याच्या एका कोठाराच्या झरोक्यासाठी, आतील हवा तापताच झाप आपोआप उघडावी म्हणून, मी पंचेचाळीस अंशांना आखडू लागणारी तार मागवली. फाल्गुनात चाचणी घेतली, झाप सुरेख उघडली व मिटली. वैशाखात मात्र ती उघडली ती उघडीच राहिली, आणि धुळीच्या वादळाने आतील सामान माखून गेले. चूक माझी होती: तार आखडण्याचे तापमान मी पाहिले, पण ती सैल पडण्याचे तापमान त्याहून बरेच खाली असते हे मी हिशेबात धरले नव्हते, आणि पत्र्याखालची हवा त्या ऋतूत रात्रीसुद्धा तितकी निवत नव्हती. ज्या प्रदेशात पारा हिवाळ्यात पाच अंशांखाली व उन्हाळ्यात पंचेचाळीसच्या वर जातो, तेथे अशा तारेची निवड करताना स्थळाचा बारमाही तापमानपट आधी मांडावा, आणि आखडणे व सैल पडणे ही दोन्ही तापमाने त्या पटाच्या बाहेर ठेवून, वीज खेळवून तार तापवण्याची योजना करावी. सत्तर किंवा नव्वद अंशांच्या तारा त्यासाठीच मिळतात. तारेची लांबी एका वेळी सात-आठ टक्क्यांपर्यंत बदलू शकते, तरी हजारो फेऱ्यांचे आयुष्य हवे असेल तर तीन-चार टक्क्यांवर समाधान मानावे. आणि निकेलच्या प्रमाणात एक-दशांश टक्क्याचा फरक पडला तरी हे तापमान सुमारे दहा अंशांनी सरकते, म्हणून नव्या रिळाची तार जुन्या रिळासारखीच असेल असे गृहीत न धरता प्रत्येक रीळ तपासावे.

सुरक्षिततेची बाब मी शेवटी ठेवली, ती गौण म्हणून नव्हे. प्रा. सिब्ते हसन झैदी यांच्या नेतृत्वाखाली १९६५ मध्ये लखनौत औद्योगिक विषविज्ञानाचे जे केंद्र स्थापन झाले आणि जे आज भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते, त्याच्या आरंभीच्या अभ्यासविषयांत कामगारांच्या फुप्फुसात जाणारी धूळ होती, आणि आज त्याच संस्थेत नॅनो पदार्थांच्या विषारीपणाचाही अभ्यास होतो. हा क्रम अगदी स्वाभाविक आहे, कारण धुळीचा प्रश्नच अधिक बारीक होऊन परत आला आहे. अमेरिकेच्या व्यवसायसुरक्षा संस्थेने २०११ मध्ये टायटेनियम डायऑक्साइडसाठी ज्या मर्यादा सुचवल्या, त्यांत साध्या बारीक भुकटीला दर घनमीटर हवेत २.४ मिलिग्रॅम आणि अतिसूक्ष्म भुकटीला केवळ ०.३ मिलिग्रॅम असे प्रमाण आहे. रासायनिक पदार्थ एकच, तरी आठपट कडक मर्यादा. लांब व ताठ कार्बन नलिकांचे तंतू शरीरात ॲस्बेस्टॉससारखे वागू शकतात, असे २००८ मधील प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले.

यासाठी जे करावयाचे ते फार खर्चिक नाही. शक्य तेथे कोरडी भुकटी न मागवता द्रवात कालवलेला माल मागवावा; कोरडी उघडणे भागच असेल तर ती शोषकपेटीतच उघडावी. सांडलेली भुकटी झाडूने कदापि झाडू नये, आणि हवेच्या झोताने उडवणे तर गुन्हाच समजावा; ओल्या फडक्याने टिपावी. कापडी रुमाल नाकावर बांधून भागत नाही, चेहऱ्याला घट्ट बसणारा योग्य श्रेणीचा मुखवटा हवा. कामाचा अंगरखा घरी धुण्यास नेऊ नये, कारण तो झटकणाऱ्या माउलीला त्यात काय आहे हे ठाऊक नसते. आणि उत्पादनाचा आराखडा करतानाच कण मोकळा न ठेवता कशावर तरी घट्ट बसवण्याचा विचार व्हावा. पुण्याच्या टाटा संशोधन केंद्रातील दीर्घ परिश्रमांवर उभे राहिलेले आणि २००९ मध्ये बाजारात आलेले पाणी गाळण्याचे साधन या दृष्टीने अभ्यासावे: त्यात नॅनो चांदी भाताच्या तुसाच्या राखेवर बसवलेली आहे, आणि राख आपल्या जागी राहते, पाणी पुढे जाते.

वापरलेली फडकी, गाळण्या आणि बाटल्या धुतल्याचे पाणी यांची विल्हेवाट मात्र अजून अनेक लहान ठिकाणी मोरीतच लावली जाते, आणि लखनौतील मोऱ्यांचा शेवट गोमती नदीपाशी होतो. चांदीच्या जंतुनाशक गुणाला सांडपाण्यातील मैला कुजवणारे उपयुक्त जीवाणू आणि रोगकारक जीवाणू असा भेद कळत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून झाकणाचे एक वेगळे पिंप ठेवावे, त्यावर पदार्थाचे नाव, तारीख व अदमासे वजन लिहिलेली चिठ्ठी लावावी, आणि ते भरले की धोकादायक कचरा नेण्याचा परवाना असलेल्या संस्थेच्या हवाली करून तिची पावती त्याच नोंदवहीत, त्या घाण्याच्या पानाशी, टाचून ठेवावी.